तिलापिया, पिंजऱ्यातील : स्थानिक खाद्य

जलाशयातील तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवल्या जाणाऱ्या नाईल तिलापियासाठी परिसरातील पेंडी, कोंडा आणि चोथा यांपासून बनवलेले खाद्य. येथील माहिती मुख्यतः घानातील व्होल्टा जलाशयाची आहे. आकोसोम्बो धरणामुळे 1965 मध्ये निर्माण झालेल्या या जलाशयाचा विस्तार सु. 8,500 चौ. किमी. असून घानातील बहुतांश संवर्धित तिलापिया त्यातील पिंजऱ्यांतून येतो. पिंजरा चालवण्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो.

तळ्यातला तिलापिया शेवाळ व प्लवंग खाऊन खाद्यातील उणीव भरून काढतो. पिंजऱ्यात दाटीने ठेवलेल्या माशाला ती सोय जवळजवळ नसते. त्यामुळे तळ्यात चालणारे कोंडा-पेंडीचे साधे मिश्रण पिंजऱ्यात अपुरे पडते. जीवनसत्त्वे व खनिजे वेगळी घालावीच लागतात. वाढत्या माशाला सु. 30 टक्के प्रथिने लागतात, पिलांना त्याहून बरीच अधिक.

घटक : सोयाबीनची पेंड सर्वांत उपयुक्त, पण महाग, ती नीट भाजलेली नसेल तर प्रथिने पचत नाहीत. शेंगदाण्याच्या पेंडीत लायसिन व मेथिओनिन कमी असते आणि दमट हवेत बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन तयार होते. काळे ठिपके किंवा कुबट वास असलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉलमुळे तिचे प्रमाण मर्यादित ठेवतात. तेलताडाच्या बियांची पेंड मुबलक असली तरी तंतुमय आहे. पिटो या ज्वारीच्या बिअरचा चोथा उन्हात वाळवून वापरतात. ओला ठेवल्यास तो लवकर आंबतो. मासळीचे कूट पूर्णपणे वगळावे की नाही, याविषयी एकमत नाही.

कृती : जिन्नस बारीक दळून चाळतात. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवून तीत मिश्रण मळतात, खिमा करण्याच्या यंत्रातून त्याच्या शेवया पाडतात आणि वाळल्यावर त्या मोडून दाणे करतात. पेल्यातल्या पाण्यात दाणा काही मिनिटांत विरघळला, तर दळण जाड आहे किंवा खळ कमी पडली आहे असे समजावे. हे दाणे बुडतात. मूठभर टाकून, मासे खातात तसे पुन्हा टाकले नाहीत, तर ते जाळीखाली निघून जातात. तरंगते दाणे करणारे यंत्र लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

साठवण : कोरडी जागा, जमिनीपासून उंच फळ्या.

किफायत : पोत्याच्या भावावरून खाद्य स्वस्त ठरवणे चूक आहे. 40 रुपये किलोचे खाद्य एक किलो माशामागे 2.6 किलो लागले, तर खर्च 104 रुपये होतो. 60 रुपयांचे 1.6 किलो लागले, तर 96. शिवाय वाढ मंदावली की पिंजरा जास्त महिने अडकून राहतो आणि न खाल्लेले खाद्य जलाशयात फॉस्फरस वाढवते.

भारत : मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये आणला गेला. उजनी जलाशयात तिलापियाला चिलापी म्हणतात. तेथे तो मुख्यतः मोकळ्या पाण्यात पकडला जातो.