कुऱ्हाडीची शाळा

धारवाडहून हल्याळच्या वाटेला लागले की काळ्या मातीचा मुलूख हळूहळू मागे पडतो, जमीन तांबडी होते आणि पुढे सागवानाची राने लागतात. या मुलखातील लाकूड घरांच्या तुळयांत बसले, गाड्यांच्या चाकांत फिरले. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली तेव्हा त्याची मागणी आणखी वाढली. रानांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या हातांनी झाडे पाडली त्यांना ती पाडावयास कोणी शिकविले, हा प्रश्न शाळामास्तराच्या मनात आल्यावाचून राहात नाही.

शिक्षण वरून सुरू झाले. १८४७ साली मुंबई सरकारने अलेक्झांडर गिब्सन यांस जंगलांचे पहिले रक्षक नेमले. हे गृहस्थ पेशाने वैद्य. उत्तर कानडा जिल्हा त्या वेळी मद्रासकडे होता. १८६२ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला गेला. १८७८ साली देहरादूनला वनविद्येची शाळा निघाली. कूप आखणे, बुंध्याचा घेर मोजणे, तोडावयाच्या झाडावर ठशाचा हातोडा मारणे, ही विद्या रेंजरापर्यंत येऊन थांबली. एक ठसा जमिनीलगत मारतात. झाड गेले तरी तो खुंटावर राहतो आणि हिशेब तपासता येतो. तोडणारा ठेकेदाराच्या उचलीवर आलेला. कोणी सिद्दी, कोणी गवळी, कोणी कुणबी. बापाच्या मागे उभा राहून जे दिसेल तेच त्याचे शिक्षण.

आता श्रोतेहो, त्याने काय शिकावयाचे होते ते पाहा. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूने प्रथम खाच घ्यावी, मग उलट बाजूने, खाचेच्या किंचित वर, करवत चालवावी. मध्ये थोडे लाकूड राखावे. ते बिजागरीसारखे काम करते व झाडास दिशा देते. ते सारे कापले गेले की झाड फिरते, आणि कोठे पडेल याचा नेम नसतो. पळावयाची वाट मागे तिरकस, आधीच साफ केलेली असावी. दुसरी जोडी झाडाच्या दुप्पट उंचीइतकी तरी दूर असावी. शेंड्यांना जखडणाऱ्या वेली आगाऊ कापाव्यात, नाहीतर एक झाड पडताना शेजारच्याची फांदी मोडून डोक्यावर आणते.

गंमत अशी की माणसाचा जीव वाचविणारे हेच नियम रानही वाचवितात. दिशा ठरवून पाडलेले झाड कोवळी रोपे चिरडीत नाही; वेल आधी कापली तर शेजारचा वृक्ष मोडत नाही. खुंट बेताने, जमिनीलगत ठेवला तर बुंध्याचे उत्तम लाकूड वाया जात नाही आणि सागाचे फुटवेही चांगले येतात.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत, १९४७ पासून, मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. धारवाड आणि कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते. ठेकेदारास बाजूस सारून आदिवासी मजुरांच्या संस्थांना कूप देण्याची ही कल्पना मोठी होती. मजुरीचा प्रश्न तिने हाती घेतला. पाडणीचे रीतसर शिक्षण त्यानंतर आले. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने देशात लाकूडतोडीची प्रशिक्षण केंद्रे निघाली. रान फार मोठे आणि केंद्रे थोडी.

त्याची किंमत शिरसी तालुक्यात दिसली. सप्टेंबर १९८३ मध्ये सळकणीच्या रानात गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारल्या, तेच अप्पिको आंदोलन. तोड शास्त्रीय पद्धतीने चालली आहे असे खाते म्हणे. खुणेचे झाड पडताना आसपासची झाडे मोडतात, ही गावकऱ्यांची एक मुख्य तक्रार होती. दोष कुऱ्हाडीपेक्षा अशिक्षित ठेवलेल्या हाताकडे, आणि त्याहून अधिक त्याला तसा ठेवणाऱ्यांकडे जातो, असे मला वाटते.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनंतर नैसर्गिक रानातील तोडीस आळा बसला. १९९८ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वनकामातील सुरक्षिततेची संहिता काढली. आता तोड बांधावरच्या निलगिरीची, सुरूची आहे आणि हाती यांत्रिक करवत आहे. तिच्या पात्याचे टोक लाकडास लागले तर ती उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. करवत दुकानात मिळते. हे सांगणारा माणूस तिच्याबरोबर मिळत नाही.

धारवाडलगत गुंगरगट्टीस वन अकादमी आहे. तेथे खात्याचे अधिकारी व कर्मचारी शिकतात. पावसाळ्यात, तोड मंदावते तेव्हा, खाजगी टोळ्यांसाठीही तेथे पंधरा दिवसांचा वर्ग भरवावा, आणि त्या पंधरा दिवसांची मजुरी मात्र बुडू देऊ नये. नाहीतर कोणी येणार नाही.