नाणेघाटातील रांजण आणि बराखीतला कांदा

१/ जुन्नर तालुक्यातील घाटघरच्या पुढे नाणेघाटाच्या माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. कोकणातून चढून येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, अशी लोकस्मृती सांगते. हा रांजण एक जुना प्रश्न उभा करतो: कर भरणारा हात आणि कराचा भार वाहणारा खांदा एकाच माणसाचा असतो काय?

२/ सातवाहन काळात सोपारा आणि कल्याण या बंदरांतील माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून पैठण, तेर या पेठांकडे जाई. सह्याद्रीच्या भिंतीत बैलांचे तांडे चढू शकतील अशा वाटा मोजक्याच. म्हणून घाटाचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची नाडी.

३/ घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे, काळ इ. स. पूर्व पहिले शतक. यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापण नाणी यांची त्यात नोंद आहे. एवढे दान देणाऱ्या राजघराण्याने आपला लेख कोरण्यासाठी हीच व्यापारी वाट निवडली, हे पुरेसे बोलके आहे.

४/ जुन्नरभोवतालच्या लेण्यांत राजांइतकेच व्यावसायिकही भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने येथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्या जात. यवन दात्यांची नावेही येथे कोरलेली आहेत. वाहत्या व्यापारावर उभे राहिलेले हे नगर होते.

५/ प्राचीन राज्यशास्त्रात वाटकराला ‘वर्तनी’ म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिचे दर दिले आहेत: मालाच्या गाडीला सव्वा पण, घोड्यासारख्या एकखुरी जनावराला एक पण, गुरांना अर्धा पण, खांद्यावरील ओझ्याला एक माषक. त्यापुढचे कलम अधिक महत्त्वाचे. वाटेत व्यापाऱ्याचा माल हरवला किंवा चोरीस गेला, तर त्याची भरपाई वर्तनी घेणाऱ्या अंतपालाने करावी. जो कर घेईल, त्याने जबाबदारीही घ्यावी.

६/ नाणेघाटातील फरसबंदी वाट, विसाव्याची जागा आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी या दृष्टीने पाहावीत. बैल पाणी पितो, तांडा सुरक्षित उतरतो, म्हणून व्यापारी पुन्हा याच वाटेने येतो. येथे करापासून वाट आणि वाटेपासून पुन्हा कर, असे चक्र फिरते.

७/ हे चक्र थांबते तेव्हा काय होते, हे इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातून कळते. पूर्वी खुले असलेले कल्याण बंदर राजकीय संघर्षात अडवले गेले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. जुन्नरही क्षत्रपांकडे गेले. नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख मानमोडीच्या लेण्यांत आजही आहे. दार बंद झाले की व्यापार थांबून राहत नाही, दुसरे दार शोधतो.

८/ शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी कर हे धोरणाचे साधन म्हणूनही वापरले. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते. त्यामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडण्याची भीती होती. म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा त्यांनी १६७१ मध्ये कुडाळच्या अधिकाऱ्याला पाठवली. आयातीवरील ही जकात उत्पादकाच्या रक्षणासाठी होती.

९/ आता २०२३. १९ ऑगस्ट रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. बारदेशच्या मिठाची जकात आत येणाऱ्या मालावर होती. हे शुल्क बाहेर जाणाऱ्या मालावर. हेतू शहरी ग्राहकाला दिलासा देण्याचा. तो हेतू पोकळ नव्हता: रोजंदारीवर जगणाऱ्या घरात कांद्याची भाववाढ थेट ताटात जाणवते.

१०/ पण वेळ पाहावी. जुन्नर-आंबेगावात उन्हाळी कांदा बराखीत साठवतात आणि पावसाळ्यात, भाव पाहून, बाहेर काढतात. साठवणीत वजन घटते, काही माल सडतो. ती जोखीम शेतकऱ्याची. तिचे मोल मिळण्याच्या दिवसांतच शुल्क आले.

११/ हिशेब साधा आहे. परदेशी ग्राहक किलोला ३५ रुपयेच देणार असेल, तर ४० टक्के शुल्काने १० रुपये सरकारकडे जातात आणि मालाची किंमत २५ रुपये उरते. निर्यातदार तोटा सोसत नाही. तो लिलावात कमी बोली लावतो. ओतूर, आळेफाटा, मंचरच्या बाजारात निर्यातीचा आणि देशातला कांदा एकाच लिलावात विकला जातो. म्हणून बोली उतरली की परदेशी न जाणाऱ्या कांद्याचाही भाव उतरतो. शुल्काची पावती निर्यातदाराच्या नावाने फाटते. भार बराखीपर्यंत पोहोचतो.

१२/ सरकारने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी २ लाख टन कांदा खरेदी करण्याचे जाहीर केले. ही एक प्रकारची भरपाई होती, पण विकत घेतलेल्या मालापुरतीच. पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. खरिपाचा कांदा फार टिकत नाही. तो थांबवून ठेवण्याचीही सोय नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला.

१३/ ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. मधल्या काळात परदेशी ग्राहक पाकिस्तान, इजिप्तसारख्या देशांकडे वळले. कल्याण अडले तेव्हा जहाजे भडोचला गेली होती, तसेच हे.

१४/ दोन हजार वर्षांत सूत्र बदललेले नाही. ज्याला दुसरी वाट आहे, तो कर पुढे ढकलतो. ज्याला वाट नाही, तो सोसतो. व्यापारी बंदर बदलू शकतो, परदेशी ग्राहक देश बदलू शकतो. बराखीतला कांदा मात्र सडू लागतो. ग्राहकाला स्वस्त कांदा देणे हे राज्याचे कर्तव्य असू शकते, परंतु त्याची किंमत एकट्या उत्पादकाने मोजावी, असे अंतपालाचे कलम म्हणत नाही.

१५/ आळेफाट्याहून कल्याणकडे जाणारा रस्ता आज नाणेघाटाशेजारच्या माळशेज घाटातून उतरतो. वाट जवळपास तीच आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर रांजण रिकामा आहे. शेजारच्या टाक्यांत मात्र अजून पाणी असते.