कुलूप घरचे, किल्ली कोणाची?

१२ मार्च २०२१ रोजी बंगळुरू येथे कर्नाटक उच्च न्यायालयाने मोबाइल आणि ईमेलच्या पासवर्डसंबंधी महत्त्वाचा निवाडा दिला. आरोपीने पासवर्ड सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मात्र अशा झडतीसाठी सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट हवे, असा त्याचा आशय होता. वाद कुलपाचा नव्हता, किल्लीचा होता. घरच्या संगणकाची कथाही हीच आहे.

पूर्वी संगणकाचा पासवर्ड म्हणजे केवळ दारावरचा रखवालदार असे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की सारे वाचता येई. २००१ मध्ये अमेरिकेने ‘एईएस’ ही कूटपद्धती प्रमाणित केली; परंतु डिस्कची अडचण निराळी होती. ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये जादा काही साठवायला जागा नसते, आणि सारखा मजकूर प्रत्येक ठिकाणी सारखाच कूटबद्ध झाला तर त्याचा आकृतिबंध उघडा पडतो. म्हणून सेक्टरचे स्थानच गणितात गुंफण्यात आले. देब्रूप चक्रवर्ती आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे पलाश सरकार यांनी २००६ मध्ये याच प्रश्नावर ‘एचसीएच’ ही रचना मांडली. २००७ मध्ये ‘एक्सटीएस’ पद्धती मानक ठरली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर अंगभूत होते.

बिटलॉकरमध्ये डिस्क एका यादृच्छिक किल्लीने कूटबद्ध होते आणि ती किल्ली बहुधा टीपीएम चिपच्या संरक्षणाखाली असते. मदरबोर्ड बदलला किंवा संगणक सुरू होण्याच्या प्रक्रियेत फेरफार आढळला, तर चिप किल्ली देत नाही. मग ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती नसल्यास कुशल दुरुस्तीकारही हतबल होतो. कारण कूटलेखन चोर आणि विसराळू मालक यांत भेद करत नाही.

विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, अनेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते. किल्लीची प्रत त्या खात्यात जाते. ही सोय खरी. पण त्यामुळे कंपनीही किल्लीची राखणदार होते, आणि कुलूप लागल्याचे मालकाच्या ध्यानीमनीही नसते.

म्हणून आजच सेटिंग्ज उघडून एन्क्रिप्शन चालू आहे का, ते पाहावे. रिकव्हरी की कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी, आणि महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत ठेवावी. कुलूप गणिताने भक्कम केले आहे. किल्ली सांभाळण्याचे काम मात्र आपल्याकडेच उरले आहे.