चार्जर काढून ठेवल्याने किती वीज वाचते? वर्ध्याच्या मगनवाडीतला हिशेब आपल्या घराला लावून पाहू

उन्हाळा सुरू झाला की एक यादी फॉरवर्ड व्हायला लागते. 'पर्यावरण वाचवण्याचे २५ सोपे उपाय'. ब्रश करताना नळ बंद ठेवा, चार्जर सॉकेटमधून काढा, कापडी पिशवी वापरा, झाड लावा. यातला एकही उपाय चुकीचा नाही. अडचण वेगळीच आहे. या यादीत सगळ्यांना सारखंच वजन दिलेलं असतं.

मोबाइलचा नुसता लावून ठेवलेला चार्जर वर्षभरात साधारण एक-दोन युनिट वीज खातो. २००० वॅटचा गीझर रोज गरजेपेक्षा १५ मिनिटं जास्त चालू राहिला तर तेवढीच वीज चार दिवसांत जाते. चार्जर आठवणीने काढणारा माणूस गीझर विसरत असेल, तर त्याची मेहनत चुकीच्या जागी चालली आहे.

मग कोणती सवय आधी लावायची? हे ठरवायची एक साधी कसोटी वर्ध्यात बसून काम केलेल्या एका हिशेबनिसाने सांगून ठेवली आहे.

मगनवाडी आणि कुमारप्पा

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणायला लागले. सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, १९३६ मध्ये जाण्याआधी गांधीजी इथेच राहत होते.

संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये हिशेब तपासनिसाचं शिक्षण आणि अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. पुढे खादी अंगावर आली, पण हिशेबाची नजर तशीच राहिली. त्यांच्या काळात मगनवाडीत घरगुती वापराच्या वस्तूंवर प्रयोग झाले. धूर नळीवाटे घराबाहेर सोडणारी 'मगन चूल' झाली, रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा 'मगन दीप' झाला. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय आजही वर्धा शहरात आहे.

कुमारप्पांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक १९४५ चं. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. निसर्गातल्या वस्तू दोन प्रकारच्या. कोळसा, पेट्रोल, खनिजं हा ठरावीक साठा आहे, वापरला की कमी होतो. नदीचं वाहतं पाणी, जंगलात दरवर्षी वाढणारं लाकूड हा प्रवाह आहे, जेवढं नव्याने येतं तेवढंच घेतलं तर तो संपत नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर एक मुद्दल आहे, दुसरं व्याज. घरातल्या प्रत्येक सवयीला एकच प्रश्न विचारायचा: मी मुद्दल खातोय की व्याज?

पाणी: व्याज, पण मर्यादेत

वर्धा जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण १००० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे पाणी हे व्याज आहे. पण जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या दगडाचा, बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत. जागा थोडी, म्हणून उपसा वाढला की मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. मग बोअर आणखी खोल नेली जाते. खोल भेगांतलं पाणी लवकर भरून येत नाही. तिथे आपण व्याज सोडून मुद्दलाला हात लावलेला असतो.

आता घरातले आकडे बघा.

गळका नळ: सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर जातात.

भरून वाहणारी टाकी: मिनिटाला २५ लिटर चढवणारा पंप १० मिनिटं विसरला तर २५० लिटर गेले. म्हणजे गळक्या नळाचे जवळपास दोन महिने एका विसरण्यात. टाकीत बॉल व्हॉल्व्ह किंवा अलार्म बसवणं हा घरातला सगळ्यात स्वस्त आणि मोठा उपाय आहे. त्यासाठी रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही.

आंघोळ: मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटं म्हणजे ६४ लिटर. बादलीने आंघोळ १५-२० लिटरमध्ये होते.

आरओ: घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी शुद्ध करताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. रोज २० लिटर पाणी काढणाऱ्या घरात ४० ते ६० लिटर नालीत जातात. त्यामुळे आरओ खरंच हवा का, हे आधी तपासा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. क्षार त्याहून कमी असतील तर उकळणं किंवा यूव्ही फिल्टर बहुतेक ठिकाणी पुरतं. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. पाण्याची तपासणी शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करून मिळते. आरओ लागतच असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते चालतं.

छतावरचा पाऊस: ५० चौरस मीटरच्या छतावर १ मिमी पाऊस म्हणजे ५० लिटर पाणी. १००० मिमीचे ५० हजार लिटर. गळती-वाफ वजा करून ४० हजार धरा. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी रोज १०० लिटर लागतात असं मानलं, तर हे ४०० दिवसांचं पाणी झालं. एवढं साठवायला टाकी नसेल तर पाइप लावून, गाळणीतून ते विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी तेवढं बाहेर जाऊ द्यायचं.

कूलर की एसी?

विदर्भातल्या प्रत्येक घराचा हा मे महिन्यातला प्रश्न. इथे कसोटीचा खरा कस लागतो, कारण एकीकडे पाणी आहे आणि दुसरीकडे कोळसा.

कूलर साधारण १५० ते २०० वॅटचा. आठ तास चालला तर दीड युनिटच्या आसपास. दीड टनाचा एसी आठ तासांत आठ-दहा युनिट सहज घेतो. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशावर होते, आणि त्यातली मोठी केंद्रं आपल्याच शेजारी आहेत: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा. एका युनिटला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एसीऐवजी कूलर लावला तर एका रात्रीत चार-पाच किलो कोळसा वाचतो.

वीज तयार करायलाही पाणी लागतं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची परवानगी आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र आणि चंद्रपूर शहर, दोघंही इरई धरणाचंच पाणी घेतात. तेव्हा दिवा बंद करणं म्हणजे कुठेतरी थोडं पाणी वाचवणंही आहे.

कूलर त्याच्या टाकीतलं बरंच पाणी उडवतो, हे खरं. पण ते पाणी पावसाळ्यात परत येणारं आहे, कोळसा नाही. म्हणून इथे कूलर जिंकतो. फक्त तो नीट वापरला पाहिजे. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. कूलर सावलीत असावा. ताट्या दर हंगामाला बदलाव्या. पहाटे गारवा आला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. काढलेलं पाणी झाडांना.

चूल, गॅस आणि एक अडचण

घरगुती गॅस हा उघड उघड साठा आहे, आणि भारतात लागणारा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो. त्याच्या बचतीच्या सवयी आपल्या आज्यांना माहीत होत्याच: तुरीची डाळ आधी भिजवणं, भांड्यावर झाकण. एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यात ते साधारण १०० अंशांच्या वर जात नाही. वाढवलेल्या आचेवर फक्त वाफ जास्त होते. उकळी फुटली किंवा पहिली शिट्टी झाली की आच मंद करा, डाळ तेवढ्याच वेळात शिजेल.

मग पऱ्हाटी जाळणारी चूल चांगली का? पऱ्हाटी दरवर्षी शेतात येते, म्हणजे व्याजच. पण चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. नुसती 'साठा की प्रवाह' ही कसोटी इथे अपुरी पडते. निसर्गाचा हिशेब बरोबर आला आणि त्याची किंमत घरातल्या एकाच माणसाने मोजली, तर ती बचत नव्हे. मगन चुलीला धुराची नळी होती ती याचसाठी. आजही चूल पेटत असेल तर धूर बाहेर जाणारी चूल हवी, आणि रोजच्या स्वयंपाकाला गॅस वापरणाऱ्या घराला अपराधी वाटायचं काही कारण नाही.

ओला कचरा आणि पिशवी

आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो डेपोत दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. घरी भोकं पाडलेल्या माठात किंवा ड्रममध्ये भाज्यांची देठं आणि वाळलेला पाला थरावर थर टाकला, अधूनमधून हलवला, तर दोन-तीन महिन्यांत खत होतं. वास आला तर समजायचं की पाणी जास्त झालं, वाळला पाला वाढवायचा.

महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. पण प्रत्येक कार्यक्रमात मिळणाऱ्या नव्या कापडी पिशव्या घरात साठवणं हाही उपाय नाही. कापूस पिकवायला, सूत कातायला, कापड रंगवायला पाणी आणि वीज लागतेच. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली एक पिशवी, शंभर वेळा वापरलेली, ही खरी बचत.

घराने सगळं होईल का?

नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा सगळ्यात मोठा वाटा शेतीला जातो. वीज कशापासून करायची हे तुमच्या स्वयंपाकघरात ठरत नाही. पाण्याचं व्याज वाढवायचं तर गावाला एकत्र यावं लागतं. याच जिल्ह्यातलं आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे त्याचं उदाहरण. गावकऱ्यांनी श्रमदानातून पाणलोटाची कामं केली आणि २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राज्यात पहिला क्रमांक मिळवला.

पण ज्याला आपल्या घरात किती पाणी आणि वीज लागते हे माहीत आहे, तो ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत नेमका प्रश्न विचारू शकतो. घरच्या सवयींचा हाही एक फायदा आहे.

सुरुवात कुठून?

या रविवारी तीन गोष्टी मोजा. नळाखाली एक मिनिट बादली धरा, किती लिटर भरते बघा. सकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विजेच्या मीटरचा आकडा लिहा. एका दिवसाचा ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवून कोणता जास्त आहे ते पाहा.

मग क्रम असा ठेवा. आधी एकदाच करायची कामं: टाकीचा व्हॉल्व्ह, गळके नळ, एलईडी दिवे, छताचा पाइप. त्यानंतर मोठा वापर: एसी, गीझर, आरओ, शॉवर. मग रोजच्या सवयी: झाकण, मंद आच, ओला कचरा. आणि हे सगळं झालं की चार्जरही काढून ठेवा.