आठ मिनिटांची बॅटरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादा मुलगा रिमोटची गाडी दप्तरातून शाळेत आणतो आणि ती शिक्षकांच्या टेबलाच्या खणात जाऊन पडते. हा अनुभव बहुतेकांना असेल. ती खणातून बाहेर काढावी, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या थोरल्या भावाची ओळख मात्र करून द्यावीशी वाटते.

हा थोरला भाऊ बहुधा सुट्या भागांच्या खोक्यात मिळतो. मोटर, बॅटरी, दंतचक्रे, स्प्रिंगा, धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या, चाके हे सारे मालकाने स्वतः जुळवायचे आणि मैदान पाहून पुन्हा बदलायचे. अशा गाड्यांच्या शर्यतींना आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात शर्यत जिंकायला नेमके कशात हुशार असावे लागते, हेच दोन-तीनदा पार बदलले. ते का बदलले, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे.

रेडिओलहरींनी दुरून वाहन हाकण्याचा प्रयोग १८९८ मध्येच झाला होता. निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी बिनतारी चालवून दाखवली. पण हे तंत्र खेळण्याच्या पोटात मावायला ट्रान्झिस्टर यावा लागला. १९६० नंतरच्या दशकात इटलीतील रेज्जो एमिलिया येथील एल-जी या कंपनीने फेरारी मोटारीची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विकायला काढली. अमेरिकेत १९६७ मध्ये शर्यतींचे नियम ठरवणारी ‘रोअर’ ही संस्था निघाली. त्या काळच्या शर्यतीच्या गाड्या खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाच्या असत आणि मिथेनॉल व नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारे चिमुकले इंजिन त्यांना पळवी. कर्कश आवाज, धूर आणि तेलाचे शिंतोडे! शेजाऱ्यांना हा छंद फारसा रुचत नसावा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रसार झाला तो मुख्यतः जपानमुळे. शिझुओका येथील तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली व पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. हुबेहूबपणाचा तिला इतका सोस, की पोर्श गाडीची प्रतिकृती करण्यासाठी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली गेली. त्यातून झालेल्या पोर्श ९३४ च्या एक-द्वादशांश प्रतिकृतीत मोटर व रेडिओ बसवून ती १९७६ च्या अखेरीस बाजारात आली. गल्लीत, अंगणात, वाहनतळावर चालवता येईल अशी ही गाडी होती. विजेच्या गाड्यांच्या शर्यतीही मग लवकरच सर्वत्र रुजल्या.

या शर्यतींचा नियम मोठा मार्मिक होता. अमुक फेरे आधी कोण पुरे करतो, असे पाहत नसत. वेळ ठरलेली असे. एक-द्वादशांश गाड्यांसाठी ती आठ मिनिटे होती. एकदा भरलेल्या बॅटरीवर आठ मिनिटांत जो सर्वांत जास्त अंतर तोडील तो विजयी. १९८० च्या सुमारास बॅटरी म्हणजे निकेल-कॅडमियमचे सहा घट, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, आणि धारणशक्ती १२०० मिलिअँपिअर-तास. पुढचे गणित फळ्यावर मांडता येईल. १.२ अँपिअर-तास ही शिल्लक आठ मिनिटांत, म्हणजे तासाच्या २/१५ भागात, संपवायची तर सरासरी प्रवाह ९ अँपिअर येतो. त्याला ७.२ व्होल्टने गुणले की सुमारे ६५ वॅट. छताचा जुना पंखा जवळपास एवढीच शक्ती घेई. गाडीने तेवढ्यातच वेग घ्यायचा, वळायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा.

त्यामुळे सगळी मदार काटकसरीवर असे. मोटरच्या दांड्यावरील छोट्या दंतचक्राचा एक दात वाढवला, की सरळ वाटेवर गाडी अधिक पळे. पण वळणातून बाहेर पडताना मोटर जास्त प्रवाह ओढी आणि सातव्या मिनिटाला गाडी रांगू लागे. एक दात कमी केला तर शर्यत संपल्यावर बॅटरीत वीज उरे, आणि उरलेल्या विजेचे बक्षीस कोणी देत नसे. घड्याळ, वही आणि सराव यांनीच योग्य दात सापडे. आमच्या मते हा या छंदाचा सर्वांत सुंदर काळ होता. ऊर्जा ही मोजून खर्च करायची वस्तू आहे, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारे दुसरे खेळणे आम्हाला आठवत नाही.

वीज वाचवायची तर ती कुठे गळते हे आधी शोधावे लागते. पहिली गळती होती वेग-नियंत्रकात. सुरुवातीच्या गाड्यांत एक छोटी यांत्रिक भुजा रोधाच्या वेटोळ्यावरून सरकत असे. अर्धा वेग हवा असेल तर उरलेली वीज त्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाई. घरच्या पंख्याचा जुना, हाताला गरम लागणारा चौकोनी रेग्युलेटर आठवावा, तत्त्व तेच. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. ते प्रवाह अडवत नाहीत, तर सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात. चालू काळ जास्त ठेवला की वेग जास्त. मध्ये तापणारे वेटोळेच नाही, म्हणून तीच बॅटरी अधिक अंतर नेऊ लागली.

दुसरी गळती घटांमध्येच होती. सहा घट एकसरीत जोडलेले असताना सर्वांतून सारखाच प्रवाह जातो. त्यांतला एक दुबळा असेल तर तो आधी रिता होतो आणि बाकीचे पाच त्याच्यातून उलट्या दिशेने विद्युतदाब लादू लागतात. म्हणून शर्यतवाले एकेक घट वेगळा भरून, वेगळा रिता करून, त्याची नोंद ठेवत आणि सारख्या गुणांचे सहा निवडत. थोड्याच दिवसांत असे निवडलेले घट चिठ्ठी लावून जास्त किमतीला विकले जाऊ लागले. इथे खेळाला पैशाचा वास लागला. ज्याने शंभर घट तपासून सहा निवडले आणि ज्याने ते सहा नुसते विकत घेतले, ते दोघे एकाच रेषेवर उभे राहू लागले.

त्यावर उपाय म्हणून मोटरीवर बंधने आली. अमेरिकेतील सर्वसामान्यांच्या गटात मोटरीच्या आर्मेचरवर तारेचे २७ वेढे असावेत, असा नियम झाला. वेढे कमी केले की रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि मोटर जोरात फिरते. म्हणून वेढ्यांवर नियम. पण मोटरीत कार्बनचे ब्रश असतात आणि ते तांब्याच्या दिक्परिवर्तकावर घासतात. हौशी मंडळी ब्रशाची स्प्रिंग बदलत, त्याचा आकार कोरत आणि छोट्याशा लेथवर दिक्परिवर्तक पुन्हा गोल करून घेत. नियमाला हातही न लावता मोटर वेगवान होई. लेथ ज्याच्या घरी, तो पुढे!

मैदानी गाड्यांची कथा थोडी निराळी आहे. तिथे खाचखळगे असतात. १९८४ मध्ये अमेरिकेतील असोसिएटेड या कंपनीने आणलेल्या ‘आरसी१०’ या गाडीला ॲल्युमिनियमचा सांगाडा व तेलाने भरलेले लांब धक्काशोषक होते. त्यातले तेल पातळ किंवा दाट करून गाडीची उडी सावरता येई.

२००० नंतर दोन गोष्टी जवळपास पाठोपाठ घडल्या. ब्रशरहित मोटर आली. तिच्यात फिरतो तो चुंबक, आणि वेढ्यांमधील प्रवाहाची दिशा नियंत्रक इलेक्ट्रॉनिक रीतीने बदलतो. घासणारा भागच उरला नाही, म्हणून लेथ अडगळीत गेला. लिथियम-पॉलिमर बॅटरीही आली. (ती फार भरली किंवा भोसकली गेली तर पेट घेते. तिच्यासाठी बनवलेल्या चार्जरनेच आणि डोळ्यांसमोरच ती भरावी.) तिची धारणशक्ती ५००० मिलिअँपिअर-तासांच्या पुढे गेली. पाच मिनिटांच्या शर्यतीत ती पूर्ण रिती करायची तर सरासरी ६० अँपिअर ओढावे लागतील. साध्या गटातील गाडी तेवढे ओढतच नाही. काटकसर करण्याची गरज संपली. आम्हाला याची थोडी हळहळ वाटते.

स्पर्धा मात्र संपली नाही, ती नियंत्रकाच्या आत शिरली. प्रवाह बदलण्याची वेळ वेगाबरोबर किंचित अलीकडे आणली की मोटर अधिक फिरते, आणि हे आता संगणकी आज्ञावलीने होऊ लागले. २०१० च्या सुमारास त्यावर मजेशीर तोडगा निघाला. ही सोय बंद असेल तर नियंत्रकावरचा छोटा दिवा लुकलुकत राहावा, असे ठरले. आरंभरेषेवर पंच वाकून तो दिवा पाहतात. त्या गटाचे नावच ‘ब्लिंकी’ पडले.

ज्यांना अशा बंधनांत रस नव्हता, ते दुसऱ्या वाटेने गेले. त्यांना वळणे नकोत, सरळ रस्ता आणि निव्वळ वेग हवा. २५ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेतील युटा राज्यात सेंट जॉर्ज येथे निक केस यांच्या ‘आर/सी बुलेट’ या बॅटरीवरच्या गाडीने ताशी ३२५.१२ किलोमीटर वेग गाठला. तिथे शत्रू बॅटरी नव्हे, हवा. हवेच्या विरोधाशी झगडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटरची गाडी ३२५ वर न्यायची तर वेग साडेसहा पट आणि शक्ती सुमारे २७५ पट. म्हणून या गाड्या जमिनीला चिकटलेल्या, निमुळत्या माशासारख्या दिसतात.

दुसरी अडचण चाकांची. समजा चाकाचा व्यास ६.५ सेंटिमीटर आहे. ताशी ३२५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाला ते सेकंदात ४४० हून अधिक फेरे घेईल. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले, की कडेवरील रबराचे केंद्राकडील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५,००० पट येते. कडेवरच्या एक ग्रॅम रबराला जागेवर ठेवायला २५ किलोच्या पोत्याइतके बल लागते. साधे टायर एवढ्यात फुगून पातळ चकतीसारखे होते आणि फाटते. त्यामुळे ही मंडळी टायरच्या बाजूंना झटपट सुकणाऱ्या गोंदाचे थर देतात, ते रिमला घट्ट चिकटवतात, आणि प्रत्येक धावेनंतर गाडी उलटी करून आधी चाके तपासतात.