परतलेल्या माणसाची साक्ष

वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे मुलांस कौतुकानें सांगितली जाते. बिभीषणाचें नांव मात्र सहसा कोणी आपल्या मुलास ठेवीत नाहीं. वस्तुतः दोघांनींहि एकच गोष्ट केली. आपण ज्या वाटेनें चाललों ती अधर्माची आहे हें ओळखून दोघेहि तिच्यावरून मागें फिरले. भेद इतकाच कीं, वाल्या वनांत गेला आणि बिभीषण दुसऱ्या पक्षाच्या छावणींत गेला. वनांत जाणाऱ्यास लोक ऋषि म्हणतात. छावणींत जाणाऱ्यास राजसभेंत मान मिळतो, पण 'घरचा भेदी' हा शब्द त्याची पाठ सोडीत नाहीं. परतलेल्या माणसानें जावें तरी कोठें, हा प्रश्न पुराणाइतकाच जुना आहे. चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडन शहरांत तो नव्या रूपानें उभा राहिला, म्हणून तेथील एका गृहस्थाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माजिद नवाझ यांचा जन्म १९७७ सालीं इंग्लंडांत साउथएंड येथें एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत झाला. वर्णद्वेष्ट्या टोळक्यांचा धाक त्यांच्या वांट्यास शाळकरी वयांतच आला. पुढें बोस्नियांतील मुसलमानांच्या कत्तलीच्या वार्ता येऊं लागल्या, आणि वयाच्या सोळाव्या वर्षीं ते 'हिज्ब उत-तहरीर' या संघटनेस मिळाले. १९५३ सालीं जेरुसलेम येथें तकीउद्दीन नभानी यांनीं स्थापिलेल्या या पक्षाचें ध्येय, सर्व मुसलमानी राष्ट्रें मोडून एकच खिलाफत उभारावी, असें आहे. शस्त्र हातीं धरणें हा आपला मार्ग नव्हे असें ती संघटना सांगे. परंतु लोकशाहीस ती त्याज्य मानी. जानेवारी २०२४ मध्यें ब्रिटिश सरकारनें तिच्यावर बंदी घातली. त्या काळीं मात्र ती तेथें उघडपणें वावरत असे. नवाझ यांनीं केवळ सभासद होऊन समाधान मानलें नाहीं. पाकिस्तान व डेन्मार्क या देशांतहि जाऊन त्यांनीं पक्षाचा प्रसार केला.

सप्टेंबर २००१ मध्यें ते अरबीच्या अध्ययनासाठीं इजिप्त देशांतील अलेक्झांड्रिया येथें गेले. तेथें ही संघटना बेकायदा होती. एप्रिल २००२ मध्यें त्यांस पकडण्यांत आलें आणि मार्च २००६ पर्यंत तुरुंगांत ठेवण्यांत आलें. विजेचे झटके देऊन इतर कैद्यांचा छळ चाललेला त्यांस जवळून ऐकावा लागला. पुढें कैरोच्या तोरा तुरुंगांत त्यांची गांठ विलक्षण माणसांशीं पडली. १९८१ सालीं राष्ट्राध्यक्ष सादत यांचा वध झाला, त्या प्रकरणांत शिक्षा भोगणारे जुने बंदी तेथें होते. त्यांतील कित्येकांनीं तारुण्यांतील आपलीं मतें वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें सोडून दिलीं होतीं. उदारमतवादी राजबंदीहि तेथेंच होते. याच सुमारास अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें, नवाझ यांनीं हिंसा केलेली नाहीं व केवळ मतासाठीं त्यांस कोंडलें आहे या कारणास्तव, त्यांचा कैवार घेतला. ज्या मानवी हक्कांच्या कल्पनेस ते पाश्चात्यांचें ढोंग म्हणत आले, त्याच कल्पनेचे उपासक आपल्या सुटकेसाठीं खटपट करीत आहेत, हें पाहून त्यांचें मन पालटूं लागलें, असें त्यांनीं स्वतः २०१२ सालच्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं आम्हांस तिच्याकडे परत यावयाचें आहे.

इकडे ब्रिटनमध्यें ७ जुलै २००५ रोजीं लंडनच्या आगगाड्यांत व एका बसमध्यें स्फोट होऊन ५२ निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. मारेकरी चौघे, त्यांतील तिघे ब्रिटनमध्येंच जन्मलेले, तेथल्याच शाळांत शिकलेले. तेव्हां शत्रु समुद्रापलीकडे नसून आपल्याच गल्लींत घडत आहे, हें राज्यकर्त्यांस उमगलें, आणि त्याचें मन जाणणारीं माणसें त्यांस हवींशीं झालीं. नवाझ यांनीं २००७ सालीं पक्ष सोडला. त्याच वर्षीं त्याच वर्तुळांतून पूर्वीं बाहेर पडलेल्या एड हुसेन यांचें आत्मकथन गाजलें होतें. या दोघांनीं मिळून २००८ सालीं 'क्विलियम' ही संस्था काढली. हल्लीं ज्यांस 'थिंक टँक' म्हणतात अशा अभ्यासमंडळांपैकीं, धार्मिक अतिरेकाच्या विरोधास सर्वस्वीं वाहिलेलें तें पहिल्या कांहींपैकीं एक होय. प्रारंभीं त्यास सरकारी खजिन्यांतून भरपूर साहाय्य मिळालें.

संस्थेस दिलेलें नांव मोठें बोलकें आहे. विल्यम हेन्री क्विलियम हा लिव्हरपूलचा वकील. १८५६ सालीं त्याचा जन्म झाला. मोरोक्कोच्या प्रवासानंतर १८८७ सालीं त्यानें इस्लामचा स्वीकार केला, अब्दुल्ला हें नांव घेतलें, आणि १८८९ सालीं लिव्हरपूलमध्यें मशीद उघडली. ब्रिटिशपणा आणि मुसलमानपणा एका देहांत सुखानें नांदूं शकतात, याचें प्रतीक म्हणून नवाझ व हुसेन यांनीं त्याचें नांव निवडलें, यांत नवल नाहीं. परंतु इतिहासाचा अभ्यासक येथें थोडा थबकतो. याच क्विलियमला तुर्कस्तानच्या सुलतानानें ब्रिटिश बेटांचा शेख-उल-इस्लाम नेमलें होतें. इंग्रजी फौजा १८९६ सालीं सुदानवर निघाल्या, तेव्हां मुसलमानानें मुसलमानावर शस्त्र धरूं नये, असें जाहीर फर्मान यानेंच काढलें. देशद्रोहाचा आरोपहि त्यावर झाला. आमच्या वाचकांस परिचित असलेले भोपाळचे मौलवी बरकतुल्ला, जे पुढें १९१५ सालीं काबूलमधील हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले, ते कांहीं काळ याच लिव्हरपूलच्या मंडळींत होते. थोडक्यांत, ज्याच्या नांवानें राजनिष्ठ मुसलमानांची संस्था निघाली, त्याच्या स्वतःच्या राजनिष्ठेविषयीं त्याचें सरकार निःशंक नव्हतें.

हा विरोधाभास नुसता गमतीचा नव्हता, हें लवकरच दिसलें. २०१० सालीं या संस्थेनें गृहखात्यांतील वरिष्ठ अधिकाऱ्यास एक गोपनीय टिपण पाठविलें. हिंसा न करणाऱ्या कांहीं मुसलमानी संस्थांचीं मूळ मतें हिंसकांच्या मतांहून फारशीं वेगळीं नाहींत, असें सांगून त्यांत अशा संस्थांचीं नांवें दिलीं होतीं. टिपण फुटलें आणि गहजब झाला. मताचाच पुढें बाँब होतो, या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. नवाझ यांनीं ती वाट स्वतः पाहिली होती. पण ज्या समाजाचें मन वळवावयाचें, त्याच्याविषयीं सरकारकडे गुपचूप यादी धाडणें, यानें साक्षीदाराचा हेर झाला असें त्या समाजास वाटल्यास दोष कोणास द्यावा? बिभीषण छावणींत पोंचला तो येथें. त्याच सुमारास सरकारी मदतहि आटली.

पुढील वृत्तांत आम्ही थोडक्यांत सांगतों. २०१३ सालीं मुसलमानविरोधी 'इंग्लिश डिफेन्स लीग'चा पुढारी टॉमी रॉबिन्सन यानें क्विलियमच्या साहाय्यानें ती संघटना सोडल्याचें जाहीर केलें. परंतु लवकरच तो पुनः जुन्याच चळवळींत दिसूं लागला. २०१५ सालीं नवाझ लिबरल डेमोक्रॅट पक्षातर्फे पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले व तिसऱ्या क्रमांकावर फेंकले गेले. २०१६ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित हक्कसंरक्षक संस्थेनें त्यांस चक्क मुसलमानविरोधी अतिरेक्यांच्या यादींत घातलें! जून २०१८ मध्यें तिनें जाहीर क्षमा मागून सुमारें ३४ लक्ष डॉलर दिले. यादी करणारा स्वतःच एका यादींत सांपडला. मात्र त्यास क्षमायाचना मिळाली, हें त्याचें सुदैव. तथापि एवढें द्रव्य मिळूनहि संस्था तीन वर्षें टिकली नाहीं. महामारींत संस्था चालविणें अशक्य झाल्याचें सांगून एप्रिल २०२१ मध्यें तिचीं दारें बंद करण्यांत आलीं. महामारींतील निर्बंधांविषयींच्या मतांवरून वाद माजल्यावर जानेवारी २०२२ मध्यें त्यांचा नभोवाणीवरील कार्यक्रमहि थांबला.

या कारकीर्दीस अपयश म्हणावें काय? आमचें मत तसें नाहीं. जो तरुण घरांतून निघालाच नाहीं, त्याची गणना कोणत्याहि अहवालांत होत नाहीं. आणि आपल्याच समाजांतील अतिरेकाविरुद्ध उभें राहण्यास लागणारें धैर्य दोन्हीं बाजूंच्या शिव्या खाल्ल्यावांचून कळत नाहीं. परंतु एक गोष्ट आम्हांस राहून राहून जाणवते. स्वतः नवाझ यांचें मन कशानें पालटलें? कोणत्या अभ्यासमंडळाच्या पत्रकानें नव्हे, कीं सरकारी अनुदानानें नव्हे. पालटलें तें पुस्तकांच्या, वृद्ध बंद्यांच्या संगतीच्या, आणि ज्यांस आपण शत्रु समजत होतों त्यांनीं मतभेद विसरून दाखविलेल्या न्यायबुद्धीच्या योगानें. ही न्यायबुद्धि टिपणांत लिहितां येत नाहीं, तिची यादी होत नाहीं, आणि ती एका संस्थेस ठेक्यानेंहि देतां येत नाहीं.

वाल्याच्या कथेंतहि नारदानें त्यास दंड केला नाहीं, कीं त्याच्या साथीदारांचीं नांवें विचारलीं नाहींत. घरीं जाऊन एक प्रश्न विचारून ये, एवढेंच सांगितलें आणि त्याच्या परत येण्याची वाट पाहिली. परतणाऱ्याची वाट पाहण्याइतका धीर ज्या समाजापाशीं असेल, त्यास वाल्मीकि लाभतील. ज्यापाशीं तो नसेल, त्याच्या पदरीं बिभीषणच पडावयाचे. आणि त्यांनाहि तो पुढें सुखानें जगूं देईल असें नाहीं.