केडगाव ते गुलबर्गा : ख्रिस्ती सेवेतील तीन स्वभाव



ख्रिस्ती सेवाकार्यातील नेतृत्वाविषयी बोलावे, असे आपले निमंत्रण आले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती एक आगगाडीची वाट. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गास मिळाला. याच मार्गावर पुण्याच्या पुढे केडगाव आहे. मग दौंड, सोलापूर आणि आपले गुलबर्गा. आज आपण कलबुर्गी म्हणतो. पण मी ज्या काळाविषयी बोलणार आहे, त्या काळी ते निजामाच्या राज्यातील गुलबर्गा होते, म्हणून तेच नाव वापरतो. १९१२ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनाचे काम या वाटेने गुलबर्ग्यास आले आणि तेथे एक ख्रिस्ती हायस्कूल उभे राहिले. संकल्प पंडिता रमाबाईंचा; शाळेची धुरा वाहिली ती त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी. मायलेकींची श्रद्धा एक होती. स्वभाव मात्र एक नव्हता, आणि माझ्या मते त्या भेदातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

रमाबाईंचा पिंड सेनानीचा. त्यांचा जन्म १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच झाला. मराठीइतकीच कन्नड त्यांच्या कानांवरून गेली होती. मराठी, कन्नड आणि दखनी एकाच अंगणात ऐकणाऱ्या आपल्या बिदर-भालकीच्या माणसांना त्यांची ही घडण सहज समजेल. वडिलांनी समाजाचा रोष पत्करून घरातील स्त्रियांना संस्कृत शिकविले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्या मातापित्यांना पारख्या झाल्या. भुकेने माणूस कसा मरतो हे ज्यांनी सोळा-सतराव्या वर्षी पाहिले, त्या १८९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडल्यावर स्वस्थ कशा बसणार? स्वतः जाऊन त्यांनी सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या माळावर संसार मांडला. शेती, गोठा, विणकाम, छापखाना अशी ती स्त्रियांची वसाहतच झाली. इतक्या जिवांच्या अन्नाची जबाबदारी घेणाऱ्याला हुकूम सोडता आला पाहिजे. रमाबाईंना तो येत होता.

ही आज्ञा देणारी बाई इतर कोणाची आज्ञा मात्र सहजासहजी मानीत नसे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच त्या धर्मतत्त्वांवर पत्रांतून वाद घालीत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन १८९३ च्या वादळात सापडले. आपल्या खोलीत प्रार्थना करताना रमाबाई दार उघडे ठेवीत आणि मुली येऊन बसत, हे वादाचे मूळ. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. थोडी मुत्सद्देगिरी दाखविली असती तर? मला वाटते, दार लोटून घेणे हे रमाबाईंच्या स्वभावातच नव्हते. तसा स्वभाव असता तर शारदासदन कदाचित सुखाने चालले असते. परंतु केडगाव उभे राहिले नसते.

नारायण वामन टिळकांकडे वळलो की आपण दुसऱ्याच हवेत येतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन आणि पाळकपण केले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला. पण जमाखर्च, नियमावली, समित्या यांच्याशी या कवीचे कधी जमले नाही. हातातले पैसे दिसेल त्याला द्यावेत आणि घरी चूल कशी पेटणार याचा विचार लक्ष्मीबाईंनी करावा, असा तो प्रपंच होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो. ज्या माउलीने ते सोसले तिला त्या वेळी हसू आले असेल असे नाही. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात बसावेत, ही त्यामागील कल्पना. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्थापक म्हणून टिळक अयशस्वी ठरले, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण त्यांनी अभंगाला आणि कीर्तनाला ख्रिस्तचरित्राचा आशय दिला आणि परकीय चालीवर अडखळणाऱ्या मराठी उपासनेला तिचा स्वतःचा गळा मिळाला. रमाबाईंनी दिला निवारा. टिळकांनी दिली वाणी. यांत मोठे कोणते, असे कोणी विचारले तर मी उपाशी माणसाला विचारीन, मग गाणाऱ्याला. उत्तरे निराळी येतील.

आता मनोरमाबाई. माझ्या अध्यापनाच्या काळात मी रमाबाई शिकविल्या, टिळक शिकविले. मनोरमाबाईंवर एक तासही घेतला नाही, याची मला आज खंत वाटते. त्यांचा जन्म १८८१ चा. मुंबई विद्यापीठाची पदवी, इंग्लंड-अमेरिकेतील शिक्षण, अंध मुलींना शिकविता यावे म्हणून आत्मसात केलेली ब्रेल लिपी, शारदासदनाचे मुख्याध्यापकपद आणि त्यावर गुलबर्ग्याची शाळा. आईने भूमी नांगरली. मुलीने वेळापत्रक आखले. नव्या गावात, निजामी अंमलात, तीन भाषांच्या मुलांत रोज घंटेबरोबर वर्गात उभे राहायचे, या कामाला पोवाडा नसतो. त्याला लागतो तो नियमितपणा, आणि आपले नाव दुसऱ्याच्या नावाखाली झाकले जाणे पत्करण्याची तयारी. सेनानीच्या छायेत वाढलेले मूल पुष्कळदा बंड करते किंवा खुरटते. मनोरमाबाईंचे दोन्ही झाले नाही. आपल्या सीमाभागातील शाळा ज्यांनी चालविल्या ते बहुतेक याच जातकुळीचे होते. या सभागृहात बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना आपापल्या वर्गावरचे असे एकेक गुरुजी, एकेक बाई आठवत असतील.

मात्र या स्वभावाची एक किंमत असते, आणि ती भरावी लागते शरीराला. १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारल्या. मुक्तिसदनाचा भार ज्यांच्यावर सोपवायचा त्याच गेल्या. रमाबाई त्या वेळी मूळ भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलाच्या कामात होत्या. ते सदनातल्याच स्त्रिया सदनातल्याच छापखान्यात जुळवीत होत्या. मुलगी गेल्यावरही त्यांनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. तिकडे टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अकरा अध्यायांवर थांबले होते; ज्यांना जेमतेम लिहिता-वाचता येत होते त्या लक्ष्मीबाई पुढचे अध्याय लिहावयास बसल्या आणि त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले.